चहाच्या डब्यातली कॉइल

एफिमच्या घराच्या उत्तरेकडच्या भिंतीला टेकून एका लाल गाडीचा सांगाडा उभा आहे. मोटरसायकलसारखी टांग टाकून बसायची, चार फुगीर चाकांची, चिखलातून आणि गवताच्या ढेकळांवरून उड्या मारत जाणारी ही गाडी होती. आता तिला ना चाकं, ना हँडल, ना सीट. अलास्कातल्या आमच्या नुनापिक गावात सांगाड्यांना काही तोटा नाही. प्रत्येक घरामागे एखादा असतोच, आणि शहाणा माणूस तो फेकत नाही, कारण आज ना उद्या शेजाऱ्याला त्यातला एखादा बोल्ट लागतो. पण बाकीच्या गाड्या म्हाताऱ्या होऊन मेल्या. ही मात्र एफिमने चांगली चालती असताना, स्वतःच्या हाताने, एकेक अवयव काढून संपवली. बाहेरचं कोणी विचारलं तर तो म्हणतो, जुनी झाली होती. खोटं बोलतो.

एकाच उन्हाळ्यात, एकाच मालवाहू तराफ्यावरून दोन गाड्या गावात उतरल्या होत्या. लाल एफिमची, हिरवी वासिलीची. दोघांनी त्या वर्षीच्या माशांचे पैसे त्यात घातले आणि दोघांच्याही बायकांनी महिनाभर अबोला धरला. वासिली हा एफिमचा मामेभाऊ. चर्चमधलं त्याचं नाव वासिली आणि आपल्या लोकांतलं, आजोबाकडून आलेलं नाव कावियाक. आता आते-मामे भावांचं नातं आमच्याकडे कसं असतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. सख्ख्या भावाशी माणूस जपून बोलतो. आते-मामे भावाशी जपून बोलला तर लोक समजतात, काहीतरी बिनसलंय. त्याने तुमची गावासमोर रेवडी उडवायची, तुम्ही त्याची उडवायची, आणि रागवायचं कुणीच नाही. एकाने टोमणा मारला की डाव दुसऱ्याचा. दुसऱ्याचं उत्तर येईपर्यंत पहिल्याने गप्प बसायचं. सलग दोन टोमणे मारणारा हावरट, आणि उत्तर न देणारा नातं तोडणारा. "आभारी आहे" हे शब्द पाद्र्यासाठी, विमानाच्या पायलटसाठी, परक्यांसाठी. आते-मामे भावांत ते कोणी काढत नाही.

वासिली बारका, चपळ, जिभेचा तिखट. एफिम आडवा, सावकाश, बोलण्यात जड. त्याचं उत्तर उशिरा यायचं. कधी दुसऱ्या दिवशी, एकदा तर चक्क बर्फ वितळल्यावर आलं होतं. पण आलं की वर्मी बसायचं, आणि वासिली त्याची चवीने वाट पाहायचा. "शिजतंय," असं तो लोकांना सांगायचा, "घाई करू नका, एफिमची चूल मंद आहे."

एफिमच्या हाताला मात्र मंद म्हणायची कुणाची छाती नव्हती. आमच्याकडे रस्ते नाहीत. गावात लाकडी फळ्या आणि गावाबाहेर टुंड्रा. पार्ट यायचा तर विमानाने, विमान यायचं तर हवा उघडल्यावर, आणि त्या दोन गाड्यांची जात तर कारखान्याने कधीच बंद केलेली. त्यामुळे एफिमचं दुकान म्हणजे गावाचा उकिरडा. पेट्रोलच्या टाकीला भोक पडलं तर तो अंगाचा साबण घासून बुजवायचा. हवा गाळायला नास्तासियाचे जुने पायमोजे. नास्तासिया त्याची बायको, तिने त्या पायमोज्यांवरून त्याला जन्मभर ऐकवलं. ॲक्सिलेटरची तार तुटली तेव्हा मुलांच्या सायकलच्या ब्रेकची तार, चाकाच्या सांध्यावरचं रबरी आवरण फाटलं की ट्यूबचा तुकडा, सायलेन्सरला सूपच्या डब्याचा पत्रा. ब्रेक दोन्ही गाड्यांना नव्हतेच, पाय होते. वासिलीच्या हातात पाना दिला तर तो त्याने पाठ खाजवायचा, म्हणून हिरवीचंही सगळं एफिमच बघायचा.

तर अशा माणसाच्या हाती एकदा नवी कॉइल आली. त्याच्या मुलीला, अँकरेजला, बंद पडत आलेल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत ती सापडली. याच जातीच्या गाडीची, तेलकट कागदात गुंडाळलेली, दुकानातली शेवटची. कॉइल म्हणजे प्लगला ठिणगी देणारी वस्तू. ती गेली की बाकीची गाडी सोन्याची असली तरी उपयोग नाही. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या मेलेल्या गाड्या उकरणाऱ्या एफिमने कधी कोरा पार्ट हातात धरला नव्हता. त्याने तो दोन-तीनदा उलटसुलट केला, पुन्हा कागदात गुंडाळला, चहाच्या निळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि डबा पलंगाखाली सरकवला.

लालची कॉइल ठीक होती. बिघडली होती ती हिरवीची. तिला बारीक भेग गेली होती. कोरड्या हवेत गाडी पळायची आणि दमट झाली की मिसिंग मारायची. हे एफिमला ठाऊक होतं, कारण भेग त्यानेच शोधली होती. पण तो मनाशी म्हणायचा, कोणाची गाडी रानात अडली की आणायला मीच जातो. माझीच अडली तर मला कोण आणणार? कारण चुकीचं नव्हतं. चुकीचं हे होतं की त्याच्या आत आणखी एक कारण होतं: ती वस्तू नवी होती आणि ती त्याची होती.

नास्तासियाला हे आवडलं नाही. आमच्याकडे म्हणतात, लपवलेलं मांस आधी लपवणाऱ्याच्या पोटात कुजतं. ती म्हणाली, "वासिलीभाऊजींची गाडी खोकतीय आणि औषध आपल्या पलंगाखाली. मला झोप नाही येत त्याच्यावर." एफिम म्हणाला, मागू दे की त्याला. हे म्हणताना आपण काय बोलतोय ते त्याला पुरतं माहीत होतं. आमच्यात सरळ मागत नाहीत. मागायला लागणं हीच देणाऱ्याची लाज. माणूस आडून सुचवतो आणि कान असलेला देतो.

डब्याची बातमी गावात फुटलीच, आणि वासिलीने सुचवलंही. सप्टेंबरच्या शेवटी, वाफेच्या न्हाणीत. आठ-नऊ पुरुष उघडेवाघडे, गुडघ्याला गुडघा लावून बसलेले, दगडांवर पाणी पडून वाफ कानाला चावत होती. वासिली सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "एफिमने दुसरी बायको केलीय, कळलं का? नवीकोरी. डब्यात झाकून पलंगाखाली ठेवलीय. रोज काढतो, बघतो, परत ठेवतो. अरे, तुला झेपत नसेल तर माझ्याकडे पाठव. मी लावतो तिला कामाला."

न्हाणी हसून हसून लोळली. या वेळी एफिमची चूलही पेटलेली होती. तो म्हणाला, "पाठवली असती रे, पण तुझी हिरवी म्हातारी सवत नांदू देईल का? ती तुलाच लाथा घालते." पुन्हा हशा. वासिलीही हसला, पण एक क्षणभर त्याने वाफेतून एफिमकडे पाहिलं. ते पाहणं एफिमला कळलं नाही असं नाही. थट्टेची हीच एक सोय आहे. ऐकायचं नसेल तेव्हा थट्टा होती म्हणून सोडून देता येतं. एफिमने सोडून दिलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तळी गोठायला लागली. वासिलीला तळ्यांवर काळ्या माशांचे सापळे लावायचे होते, बारा मैल आत. सकाळी तो हिरवी घेऊन एफिमकडे आला. एफिमने कॉइल काढली, भेगेत डिंक भरला आणि वरून काळी टेप गुंडाळली. एक थर, दोन थर, चार थर. जितकं मन आत खात होतं तितके थर वाढत गेले. डबा तिथून दहा पावलांवर होता. वासिली खाली उकिडवा बसून बघत होता. शेवटी तो गाडीवर चढला आणि म्हणाला, "इतकी टेप लावलीस की आता इंजिनची गरजच नाही. बघ हं, मी परत नाही आलो तरी ही टेप चालत घरी येईल."

डाव एफिमचा होता. त्याला काही सुचलं नाही. त्याने हात हलवला, संध्याकाळी न्हाणीत बघू अशा अर्थाने, आणि उत्तर राखून ठेवलं.

दुपारनंतर हवा फिरली. पाऊस, मग गारठलेला पाऊस, जो पडताना पाणी असतो आणि टेकला की काच होतो. वासिली संध्याकाळी आला नाही. ओलिंका, त्याची बायको, आमच्या सगळ्यांच्या खिडक्यांवरून नदीकाठपर्यंत जाऊन आली. उजाडता उजाडता एफिमने लाल गाडी काढली. निघताना त्याने पलंगाखालून डबा ओढला आणि कोटात घातला. नास्तासिया दारात उभी होती. तिने डब्याकडे पाहिलं आणि दार उघडून धरलं.

वासिली त्याला दुपारी सापडला, कोरड्या ओढ्याच्या वळणावर, चालताना. हिरवी नऊ मैलांवर मेली होती. बर्फ तुटून तो एकदा गुडघाभर पाण्यात गेला होता आणि बूट पायावर गोठले होते. चालत होता, म्हणजे एक पाय टाकत होता आणि दुसरा ओढत होता. एफिमने गाडी थांबवली आणि शिव्यांची वाट पाहिली. आयुष्यात त्याने कधी कशाची इतकी वाट पाहिली नव्हती. वासिलीने त्याच्याकडे पाहिलं. ओठ नीट हलत नव्हते.

"आलास," तो म्हणाला. "आभारी आहे."

एफिमने त्याला मागे बसवलं, स्वतःच्या कमरेला दोरीने बांधलं आणि गाडी वळवली. वासिलीचं डोकं त्याच्या पाठीवर टेकलेलं होतं. तीन एक मैल गेल्यावर, चिखलाच्या उतारावर, एफिमला उत्तर सुचलं. पूर्ण, तयार, शिजलेलं. टेप कधीच घरी पोचली असती, तुला पाठीवर घेऊन यावं लागलं म्हणून उशीर झाला. इतकं नेमकं की त्याला स्वतःलाच हसू फुटणार होतं. पण मागचा माणूस कण्हत होता, आणि त्याने आभार मानले होते. परक्याचे मानावेत तसे. एफिमने तोंड मिटलं.

बेथेल शहराच्या दवाखान्यात वासिलीच्या डाव्या पायाची चार बोटं काढली. करंगळी तेवढी राहिली. तो दोन महिने तिथे होता. त्या दोन महिन्यांत एफिमने हिरवी ओढून आणली, टेपची कॉइल काढली, नवी बसवली, तेल बदललं, नटबोल्ट आवळले, चिखल खरवडला, सीटला नवं सीलचं कातडं शिवलं. जुनी कॉइल त्याने त्या निळ्या डब्यात टाकली आणि डबा हिरवीच्या मागच्या पेटीत ठेवून दिला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. घरात ठेववेना आणि उकिरड्यावर टाकवेना, एवढंच.

वासिली काठी टेकत परत आला. गाडीभोवती फिरला, सीटवरून हात फिरवला. एफिम बाजूला उभा होता, मान खाली. डाव अजून त्याचाच होता. उत्तर जिभेवर होतं. पण चार बोटं गमावलेल्या माणसाला, ज्याची बोटं आपल्या पलंगाखालच्या डब्याने खाल्ली, त्याला कोणत्या तोंडाने टोमणा मारायचा?

वासिली थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "छान केलंस काम. आभारी आहे."

तिथून सहा वर्षं. सहा वर्षं दोघं एकमेकांशी असं बोलले की ऐकणाऱ्याला परदेशी पाहुणे वाटावेत. न्हाणीत शेजारी बसले तरी "सरकतोस का जरा", "हो, हो, बस ना". गावाला करमेनासं झालं. या दोघांच्या जुगलबंदीवर आमचे हिवाळे गेलेले, आता न्हाणीत नुसतं पाणी सुसायचं. जुनी माणसं खाली बघायची. कोणी काही म्हणालं नाही, कारण ते त्या दोघांचं होतं.

एफिमने एकच मार्ग धरला, हाताचा. हिरवीचं चाक गेलं, त्याने लालचं काढून लावलं. हिरवीचा कार्ब्युरेटर कुजला, लालचा गेला. बेअरिंग, हँडल, साखळी, दिवा. दर खेपेला तो पार्ट घेऊन वासिलीच्या घरी जायचा, बसवायचा, हात पुसायचा. वासिली दारात काठीवर रेलून त्याच्याकडे बघत राहायचा, जरा जास्तच वेळ, आणि मग म्हणायचा, "आभारी आहे." ते ऐकलं की एफिमला वाटायचं, हा मला अजून त्या ओढ्यातच उभा करून ठेवतो. चौथ्या वर्षी लाल गाडीचं इंजिनच हिरवीत गेलं. त्यानंतर एफिम लाकडं आणायला पायी जायला लागला, पाठीवर ओझं घेऊन, त्या वयात.

नास्तासिया एकदा चिडली. "गाडी सगळी नेऊन दिलीत," ती म्हणाली. "आता घराचं दार काढून न्या. अहो, जाऊन बोला की सरळ." तो गेलाही. सुकवलेल्या माशांचा गठ्ठा घेऊन, मनात क्षमेचे शब्द जुळवून. क्षमा मागायची पद्धत आते-मामे भावांत नाही, तरी. ओलिंकाने चहा दिला. समोर फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, तो निळा डबा ठेवलेला होता. एफिमने कप खाली ठेवला. दोषाचा पुरावा माणसाने देवाशेजारी मांडून ठेवावा! तो हवेबद्दल बोलला, माशांबद्दल बोलला, यंदा हंस लवकर आले त्याबद्दल बोलला. वासिली पुढे झुकून ऐकत होता, एकेक शब्द, एखादी गोष्ट येणार असल्यासारखा. ती आली नाही. एफिम उठला तेव्हा वासिलीने खुर्चीला पाठ टेकली आणि माशांबद्दल आभार मानले.

सहाव्या वर्षीच्या मार्चमध्ये, भर दुपारी, चहा पिता पिता वासिलीचं हृदय थांबलं. कप फुटला नाही, मांडीवरच राहिला.

शवपेटी एफिमने केली. एरवी अर्ध्या दिवसात होणारं काम त्याला दोन दिवस लागलं. आमच्या चर्चच्या रीतीप्रमाणे चाळिसाव्या दिवशी ओलिंकाने गावजेवण घातलं. हंसाचं सूप, सुकट, बेरी आणि चरबी फेटून केलेलं अकुताक. जेवण झाल्यावर वासिलीच्या वस्तू वाटल्या. बंदूक पुतण्याला, जाळी भाच्याला, कोट पाद्र्याच्या मदतनिसाला. हिरवी गाडी एफिमला. त्याने मान हलवली, नको म्हणून. ओलिंकाने ऐकलं नाही. मग तिने फळीवरचा निळा डबा काढला आणि त्याच्या हातात दिला.

एफिमने झाकण उघडलं. टेप गुंडाळलेली कॉइल. तिला कुणीतरी लाल धाग्याने छोटे बूट बांधले होते, बाहुलीचे असतात तसे, सीलच्या कातड्याचे. दोन. एफिमला काहीच उमगेना.

"चालत येणार होती ना ती टेप," ओलिंका म्हणाली. "म्हणून बूट. माझ्याकडून शिवून घेतले, दवाखान्यातून आले त्याच आठवड्यात. शिवताना मी रडत होते आणि हे हसत होते. म्हणाले, एफिमचं उत्तर आलं की लगेच हे त्याच्या हातात ठेवायचं. त्याचं शिजायला वेळ लागतो, तोवर फळीवर राहू दे."

एफिम डब्याकडे बघत होता. तो म्हणाला, "मग ते आभार?"

"पहिल्यांदा निघालं ते थंडीनं निघालं. तुमचं तोंड बघून त्यांना गंमत वाटली. मग मुद्दाम मानायला लागले. म्हणायचे, असा परक्यासारखा बोललो की तापेल कधीतरी, फुटेल. तुम्ही आलात की दारात बघत उभे राहायचे. गेलात की मला सांगायचे, अख्खी गाडी आणून दिली गं यानं, पण एक शब्द आणत नाही."

तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "पहिली दोन वर्षं हसत होते, भाऊजी. नंतर हसू गेलं. शेवटी शेवटी म्हणायचे, रागावलाय तो माझ्यावर. त्या दिवशी न्हाणीत मी त्याची लाज काढली, सगळ्यांपुढे डबा काढला, ते त्याला लागलं."

"तो बोलला का नाही? एकदा तरी."

ओलिंकाने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं लहान मुलाकडे बघतात. "डाव तुमचा होता ना. त्यांनी कसा घ्यायचा?"

एफिम डबा घेऊन घरी आला. नास्तासियाने विचारलं, त्याने डबा तिच्यापुढे ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. तो काय विचार करत होता ते त्याने पुढे मला स्वतःच सांगितलं, म्हणून सांगतो. बोटं गेली त्याचं दुःख त्याला सहा वर्षं होतं, आणि ते वासिलीने पहिल्याच आठवड्यात माफ केलेलं होतं. जे माफ करायचं राहिलं ते त्याच्या गावीही नव्हतं. कॉइल राखून ठेवली ती एक चूक, तिची भरपाई त्याने गाडीभर केली. उत्तर राखून ठेवलं ही दुसरी. तिची भरपाई एका वाक्याची होती. न्हाणीत, दारात, त्या चहाच्या वेळी, कधीही. तो सांगत होता आणि हातातला पाना फडक्याने पुसत होता, पुसलेलाच पुन्हा. मी नजर दुसरीकडे केली.

जुलैत, मासे चढायच्या दिवसांत, वासिलीच्या नातीला मुलगी झाली. तिला वासिलीचं नाव दिलं, कावियाक. दुसरं ठेवणार कोण? नाव रिकामं होतं. आमच्याकडे नाव आलं की माणूस आला, बाई की बुवा हे नाव बघत नाही. ओलिंका त्या तळहाताएवढ्या पोरीला "काय हो, जेवलात का?" असं विचारते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लोक वासिलीला आवडायच्या त्या वस्तू घेऊन तिला बघायला येत होते.

एफिम तीन आठवडे गेला नाही. मग एका सकाळी त्याने अंघोळ केली, चर्चला घालायचा शर्ट घातला आणि हिरवी चालू केली. तिच्यात आता निम्म्याहून जास्त लाल होतं. हवा दमट होती, पण कॉइल नवी होती, ती पहिल्याच झटक्याला पेटली.

ओलिंकाने पोरीला त्याच्या मांडीवर दिलं आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "बघा, कोण आलंय. तुमचा आतेभाऊ." पोर जागी होती. काळेभोर डोळे, कुठेच न बघणारे. एफिमने आधी दुपट्याचं टोक बाजूला केलं आणि डावा पाय बाहेर काढला. ग्रीस मुरलेल्या जाड बोटाने त्याने एकेक बोट हलकेच चाचपलं. पाचही होती.

मग तो घसा खाकरून, मोठ्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला, "टेप कधीच घरी पोचली असती. तुला पाठीवर घेऊन यावं लागलं, म्हणून उशीर झाला."

ओलिंका हसली, तोंडावर हात ठेवून हसली, आणि हसता हसता चुलीकडे वळली. पोरीने जांभई दिली आणि डोळे मिटले. एफिम तिचा पाय हातात धरून तसाच बसला. प्लग पुसायला लागतो तेवढाही वेळ त्याला ते बोलायला लागला नव्हता. डाव आता तिचा होता. मुलं बोलायला दोन वर्षं घेतात, टोमणे मारायला चार तरी. एफिम एकाहत्तरचा आहे. लाकडं तो आता हिरवीवरून आणतो, दर रविवारी कॉइल पुसतो, आणि वाट बघतो.